ओला फळा

"परत लिहिलंस?" मी दारातनंच विचारलं.

तौफिक फळ्याकडं तोंड करून उभा होता. हातात खडू. सगळ्यात खालच्या ओळीत त्यानं 'प्रशिक्षक' लिहिलं होतं आणि पुढं 'शामराव इंगवले'. गडी आमचा कॅप्टन आणि गोलकीपर, पण अक्षर असं की एकेक काना ओळंबा लावून काढलाय.

"लिहिलं," तो म्हणाला. "आणि आता त्याला हात लावायचा न्हाई."

"शुक्रवारी पुसलं होतं मी ते."

"शुक्रवारी तू पंजानं पुसलंस. नुसती धूळ उडवलीस. म्हणून तर त्याच रेघांवरनं गिरवता आलं."

पायरीवर बूट धूत बसलेली पोरं हसली. मी नाही हसलो.

अठरा जानेवारी, रविवार, सकाळचे आठ वाजायला आलेले. आमच्या सातविहीर तालमीची इमारत दगडी. मे महिन्यातसुद्धा आत गार, आणि त्या दिवशी तर दात वाजत होते. सराव संपवून पोरं घामानं भिजलेल्या जर्सीतच थांबली होती. मी तेवढ्यात घरी जाऊन आलो होतो. आईनं दारातच अडवून शर्ट बदलायला लावला आणि दोरीवरचा टॉवेल मफलरसारखा गळ्यात गुंडाळून दिला. साडेआठला निवड समिती येणार होती.

कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येक तालमीचा संघ. तालीम म्हणायची कुस्तीची, पण आमच्या आखाड्यात पैलवान चार आणि फुटबॉलचे बूट चाळीस. त्या वर्षी सुवर्ण चषकाच्या सेमीला चार संघ जाणार होते. तीन ठरले होते, पहिल्या नंबरला तोफखाना. चौथ्या जागेला आम्ही आणि गवळी गल्ली बरोबरीत. गुण सारखे, गोल सारखे, आपसातली मॅच एक-एक. नाणं उडवलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या चषकाची पद्धत आजोबांच्या काळातली. बरोबरी झाली की समिती दोन्ही तालमींत येणार, फळा बघणार, फळ्याचा फोटो काढणार, दोन प्रश्न विचारणार आणि बाराला निकाल देणार. फळ्यावर असेल तोच संघ. अर्जबिर्ज काही नाही.

आणि आमचा प्रशिक्षक शुक्रवारी तोफखान्याला निघाला होता.

तोफखान्याचा जुना प्रशिक्षक अध्यक्षाशी भांडून मधेच सोडून गेला. अध्यक्षाचं स्वतःचं कॉलेज होतं. त्यानं मामांना निरोप धाडला, कॉलेजात खेळाची कायमची नोकरी देतो, संघ सांभाळा. मामा म्हणजे आमचे इंगवले मामा, सात वर्षं आम्हाला शिकवत होते. दिवसा एका शाळेत तात्पुरते शिपाई, सकाळ-संध्याकाळ मैदानात. चौथ्या जागेवर आम्ही गेलो असतो तर सेमी तोफखान्याशीच होती. म्हणजे आमचा कोण कुठल्या पायानं वळतो हे ज्याला तोंडपाठ, तो माणूस समोरच्या बाकावर.

शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः बघितलं होतं. मामांच्या दारात तोफखान्याची पांढरी गाडी, आणि आत खुंटीला प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळं जॅकेट. पिवळा रंग तोफखान्याचा. मी तिथनं तडक तालमीत आलो आणि नाव पुसलं. पेठ सोडून गेलेल्याचं नाव फळ्यावर ठेवत नाहीत. आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही.

"फोन केलता का त्यांना?" मी तौफिकला विचारलं.

"काल केलता. नाव राहू दे फळ्यावर, एवढंच म्हणाले."

"का?"

"ते न्हाई सांगितलं. तिथं माणसं होती म्हणाले."

"कुठली माणसं? पिवळीच ना? ह्या घरचा चहा, त्या घरचं जेवण. आणि आपण त्यांच्या नावाला खडू लावायचा."

"धैर्या, काल सरावाला काय झालं बघितलंस न्हवं?"

बघितलं होतं. शनिवारी पहिल्यांदा मामांशिवाय उतरलो. कॉर्नर कुणी मारायचा ह्यावरनं बाळ्या आणि सुशांतनं एकमेकांच्या कॉलरी धरल्या. मागची फळी पुढं, पुढची मागं. मामा एरवी बोलतसुद्धा नसत. शिट्टी दातात धरून नुसतं बोट दाखवायचे आणि अकरा पोरं सरकायची. काल ते बोट नव्हतं.

"समितीचे देसाई साहेब काय विचारणार म्हाईत हाय का?" तौफिक म्हणाला. "एकच. दोन संघ सारखे. एकाचा प्रशिक्षक जाग्यावर हाय. दुसऱ्याचा?"

"गोल मामांनी मारले काय? नऊ गोल. सहा माझे."

"तुझे पाय, बाबा. तुला बॅकवरनं डाव्या विंगला कुणी टाकलं?"

ते खरं होतं. दहावीत असताना बाईंनी मारलेला डस्टर मी उचलून परत मारला होता. दुसऱ्या दिवशी हजेरीतनं माझं नाव गेलं. मला मागं बोलावायला कुणी आलं नाही, मीही गेलो नाही. उद्यमनगरात चुलत्याच्या वेल्डिंगच्या दुकानात बसायला लागलो. पंधराव्या दिवशी मामा दुकानात आले. काय झालं, का केलंस, काही नाही. म्हणाले, "सहाला मैदानात. बूट नसले तर अनवाणी ये." महिन्यानं त्यांनी फळ्यावर माझं नाव लिहिलं. अकराव्या नंबरला. धैर्यशील साळोखे. माझं नाव असलेली गावात तेवढी एकच यादी राहिली होती.

म्हणून तर जास्त डोकं फिरलं होतं.

तालमीचे अध्यक्ष तात्या घोटणे आले. पांढरा शर्ट, टोपी, आणि चेहरा दात उपटून घ्यायला निघाल्यासारखा.

"काय ठरलं रं?"

"मामांचं नाव लिहिलंय," तौफिक म्हणाला.

तात्यांनी फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पेठेत लोक काय म्हणतील?"

"पेठ काय सेमी खेळणार हाय काय तात्या? माझं शेवटचं वर्ष हाय. मार्चात पुण्याला जाणार मी, कंपनीत. सहा वर्षं गोलात उभा राहिलोय, एकदा तरी सेमीत उभा राहू दे."

तात्यांनी टोपी काढून परत घातली. बाहेर स्कूटर थांबल्या.

समितीत तिघं. देसाई साहेब, जुने रेफ्री, सत्तरीचे, काठीसारखे ताठ. झाकीर पंच. आणि कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ, ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. आल्यावर तिघांनी चपला काढल्या, मारुतीला नमस्कार केला, शेजारच्या पीराच्या पंजाला केला, आणि मग फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. पोरं भिंतीला ओळीनं लागली. पायरीपाशी बूट धुवायची बादली तशीच होती, काठावर चिखलाचं फडकं.

देसाईंनी फळा वरनं खाली वाचला. एकेक नाव, ओठ हलवत. माझ्या नावावर थांबले, "हाच का डावा?" तौफिकनं मान हलवली. मग खाली आले.

"शामराव इंगवले," ते म्हणाले. "बरं. आम्ही वेगळं ऐकलं होतं."

ते तात्यांकडं वळले.

"तात्या, इंगवले तुमच्यात आहेत?"

"आहेत म्हणजे..." तात्यांनी घसा खाकरला. "मामा आमचेच हाईत."

"साधा प्रश्न आहे. सेमीला तुमच्या बाकावर कोण बसणार? फळ्यावर आहे तो माणूस?"

"व्हय," तौफिक म्हणाला.

त्यानं 'व्हय' म्हटलं आणि माझ्या डोळ्यापुढं ते प्लॅस्टिकातलं जॅकेट आलं. पुढचं मी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. पण मला कुणी ढकललं असंही नाही. बादलीपर्यंत चार पावलं होती. फडकं उचललं, पिळलं नाही, आणि फळ्याच्या खालच्या ओळीवरनं डावीकडनं उजवीकडं फिरवलं. एकदा. मग परत. चिखलाचं पाणी फळ्यावरनं खाली फरशीवर टपटपलं.

"तो माणूस तोफखान्यात गेलाय," मी म्हटलं. "आम्हाला कुणाची गरज न्हाई. पोरं हाईत, पोरं खेळत्यात. घ्यायचं तर असं घ्या."

भिंतीपाशी कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी दोघांनी. सुशांत म्हणाला, "बरोबर हाय." पेठेतली पोरं. खरं सांगायचं तर मला त्या घडीला छाती फुगल्यासारखं झालं.

देसाई साहेब चिडले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"तुमचं सगळ्यांचं हेच म्हणणं आहे?"

टाळ्या थांबल्या. आता प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघायला लागला. तात्या खाली फरशीवरच्या पाण्याकडं बघत होते.

"हेच न्हाई," तौफिक म्हणाला. आवाज लहान होता. "साहेब, मी कॅप्टन हाय. नाव हाय तेच हाय. मी परत लिहितो."

"लिही. फळ्यावर असेल ते फोटोत येईल, फोटोत असेल तो संघ." देसाईंनी घड्याळ बघितलं. "नऊला गवळी गल्लीत पोचायचंय. पाच मिनिटं थांबतो."

तौफिकनं खडू उचलला आणि लिहायला लागला. खडू नुसता घसरत होता. काळ्यावर काळंच. त्यानं जोर लावला, खडू मोडला, दुसरा घेतला. 'शा' लिहिला असेल, दिसत काहीच नव्हतं.

"पंखा लावा पंखा," झाकीर पंच म्हणाले. त्यांना बहुतेक आमची दया आली होती.

"पंखा गणपतीपास्नं बंद हाय," तात्या म्हणाले.

बाळ्या पुढं झाला आणि आपल्या जर्सीच्या टोकानं फळा पुसायला लागला. जर्सी घामानं चिंब. फळा वाळायच्या ऐवजी तेलकट झाला. सुशांत फुंकर मारायला लागला, तोंडातनं वाफ येत होती. मघाशी टाळ्या वाजवणारा हाच. "अरं कोरडं काय तरी आणा की," तात्या ओरडले. बाळ्या बाहेर पळाला.

"तीन मिनिटं," देसाई म्हणाले.

तौफिक वळला. त्याच्या बोटांना ओला खडू पिठासारखा चिकटला होता. तो माझ्याकडं बघत होता.

"धैर्या," एवढंच म्हणाला.

मी मारुतीकडं बघत उभा राहिलो.

तो परत फळ्याकडं वळला आणि न दिसणारं नाव पूर्ण लिहिलं. शामराव इंगवले. हाताच्या हालचालीवरनं कळत होतं कुठलं अक्षर चाललंय. 'व' काढला, 'ले' काढला, मात्रा दिली. मग बाजूला झाला. कॅमेऱ्याचा आवाज झाला. कॅमेरेवाल्यानं फोटो देसाईंना दाखवला, त्यांनी नुसती मान हलवली.

स्कूटर गल्लीच्या कोपऱ्यावर वळल्या आणि बाळ्या धावत आला. हातात बहिणीचा शाळेचा स्कर्ट होता, इस्त्री केलेला. त्याला बघून एरवी पोरं हसून लोळली असती.

बारा वाजेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. कुणी माझ्याशी बोललंही नाही, पण कुणी शिवीही दिली नाही. ते जास्त वाईट. तौफिक पायरीवर बसून हातमोजे उलटे-सुलटे करत होता. उन्हाची तिरीप दारातनं आत आली, फरशीवरनं सरकत भिंतीपर्यंत गेली.

बाराला पाच मिनिटं असताना तात्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाले, परत "बरं" म्हणाले.

"गवळी गल्ली," ते म्हणाले. "खेळात दोघं सारखे. प्रशिक्षक नसल्यानं सातविहीरच्या संघाचा भरवसा धरता येत नाही, असं निकालात लिहिलंय."

तौफिक उठला. हातमोजे पिशवीत घालायला आत गेला आणि तिथंच थांबला. मी त्याच्या मागनं बघितलं.

फळा वाळला होता. खालच्या ओळीत नाव होतं. ओल्यावर लिहिलेलं ना, वाळल्यावर बाकीच्या सगळ्या नावांपेक्षा पांढरं उठलं होतं. शामराव इंगवले. लांब दारातनं वाचता येत होतं.

तौफिकनं पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या शेजारनं निघून गेला.

मी तिथनं सरळ मामांच्या घरी गेलो. भांडायलाच गेलो होतो. कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तेवढं एकच दार दिसत होतं. गाडी दारात होतीच. कट्ट्यावर तोफखान्याचा एक माणूस बसला होता, पिवळी टोपी गुडघ्यावर ठेवून.

"तू इंगवल्यांचाच पोरगा काय, तालमीतला?" तो मला म्हणाला. "जरा समजाव बाबा त्यांना. तीन दिवस झाले एका तारखेवर अडून बसलाय माणूस. काल तर साहेबांच्या बंगल्यावर संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं, हलला न्हाई. साहेब म्हणत्यात आजच्या आज सही, न्हाईतर दुसरा बघतो."

मी आत गेलो. मामा जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला, अंगात आमच्या तालमीचं मरून रंगाचं जॅकेट. पिवळं खुंटीवरच, पिशवीची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. पुढं पाटावर कॉलेजचा छापील कागद आणि पेन. माझी नजर आधी कागदावर गेली. रुजू होण्याची तारीख. टाईप केलेली सोळा जानेवारी खोडली होती आणि वर मामांच्या हातानं लिहिलं होतं, दोन फेब्रुवारी.

सुवर्ण चषकाची फायनल एक फेब्रुवारीला होती.

"निकाल लागला काय?" मामांनी विचारलं.

"गवळी गल्ली."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"का म्हणाले?"

"फळ्यावर प्रशिक्षक नव्हता म्हणून."

"तौफिकला सांगितलं होतं मी नाव राहू दे."

"त्यानं ठेवलं होतं. मी पुसलं. त्यांच्यासमोर."

मला वाटलं आता मारतील. मारायला पाहिजे होतं. मामांनी फक्त विचारलं, "हातानं?"

"ओल्या फडक्यानं."

"मग परत लिहिलं न्हाई कुणी?"

"तौफिकनं लिहिलं. दिसलं न्हाई. पाच मिनिटं दिलती त्यांनी." माझा आवाज फाटला. "आम्हाला सांगायचं होतं की मामा. एक शब्द सांगायचा होता."

"ठरलंच नव्हतं तर काय सांगू? हे लोक दोन तारखेला हो म्हणत नव्हते." त्यांनी पेन उचललं. "ओला फळा कोरड्या कापडानं टिपला की मिनिटात लिहिता येतंय. शाळेत रोज करतो मी. कोरडं कापड नव्हतं कुणाकडं?"

सहा वर्षं झाली. पेठेत अजून कुणी विषय काढला की मी हेच सांगतो, जे मी तेव्हा मामांना सांगितलं.

"न्हवतं," मी म्हटलं. "सगळे घामानं भिजलेले. कोरडं काय न्हवतंच."

मामांनी माझ्याकडं बघितलं. तोंडाकडं नाही, त्याच्या जरा खाली. आईनं सकाळी गळ्यात घातलेली गाठ तशीच होती. टॉवेलाला अजून दोरीवरच्या उन्हाचा वास होता.

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, दोन फेब्रुवारीवर रेघ मारली, वर अठरा जानेवारी लिहिलं आणि खाली सही केली.